म्हशीच्या घशात घातलेला हात

आमच्या गल्लीत म्हैस व्याली की चीक घरोघर जातो. हे कुणी ठरवून दिलेलं नाही, पण एखादं घर चुकलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा सासूबाईंनी मला चूल कुठं आहे ते दाखवायच्या आधी कुठल्या घरी केवढी वाटी जाते ते सांगितलं. वाटी परत येते तीही रिकामी येत नाही. तळाला चिमूटभर साखर नाहीतर मूठभर ज्वारी घालून येते, म्हणजे म्हशीचं दूध आटत नाही म्हणतात. आमचं गाव उमापूरच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत. लोकांना वाटायला दुसरं फारसं काही आमच्याकडं नसतं, पण चीक असला की आमच्यासारखे आम्हीच.

त्या वर्षीही तसंच झालं. म्हैस व्याली, पारडी झाली. सासूबाईंनी गूळ-वेलदोडा घालून खरवस उकडला आणि वाट्या गेल्या. माझ्या चुलत जावेनं वाटी परत पाठवताना निरोपही पाठवला की गूळ कमी पडलाय. पुढच्या खेपेला गूळ तुम्हीच आणा, असं मी उलट सांगून पाठवलं. माझं तोंड तसं आहे, ते काही आता बदलायचं नाही. घरात एकाच माणसानं खरवसाला हात लावला नाही, ते म्हणजे आमचे मालक. त्यांना लहानपणापासून चिकाच्या वासानं मळमळतं. दुधावर घर चालवणारा माणूस चिकाला नाक मुरडतो म्हणून अख्खी गल्ली त्यांना चिडवते.

काही दिवसांनी म्हैस बिघडली. आधी वैरण सोडली. मग तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. पाण्याच्या हौदाशी नेलं तर तोंड बुडवायची, पण घोट काही आत जात नव्हता. आणि ओरडायची कशी, तर घोगरी, फाटक्या आवाजात, उगीचच. तो आवाज मला अजून आठवतो आणि आठवला की हातातलं काम थांबतं.

जनावर असं करायला लागलं की आमच्याकडं एकच विचार येतो, घशात काहीतरी अडकलंय. मक्याचं कणीस, आंब्याची कोय, वाढ्याचा बुडखा. वाढं म्हणजे उसाचा शेंडा, आमच्याकडं जनावरांना तोच घालतात. आणि घशातलं अडकलेलं काढायचं म्हटलं की आमच्या मालकांना बोलावणं येतं. आजूबाजूच्या वस्त्यांवरूनही येतं. जनावराची जीभ एका हातानं धरून बाजूला ओढायची, म्हणजे ते जबडा मिटत नाही, आणि दुसरा हात कोपरापर्यंत आत घालायचा. त्यांनी असं किती जनावरांच्या घशातून काय काय काढलंय. त्याचा त्यांना अभिमान आहे आणि खोटं कशाला बोलू, मलाही होता. 

तर त्यांनी बाह्या वर केल्या आणि आपल्याच म्हशीच्या घशात हात घातला. दोनदा चाचपलं. काही सापडलं नाही. हात बाहेर आला तो लाळेनं चकचकत होता. हौदात बुचकळून त्यांनी तो खांद्यावरच्या उपरण्याला पुसला आणि म्हणाले, "आत तर काय न्हाई. कावून अशी करायली काय कळंना."

जनावरांचे डॉक्टर आले. ते दावणीपासून लांबच उभे राहिले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कुत्र्याचा. सासूबाईंना आठवलं. पावसाळ्याच्या तोंडाला शेताच्या बांधावर एक कुत्रं म्हशीच्या पायाशी झोंबलं होतं. ओरखडा होता एवढासा. त्यांनी हळद दाबली होती आणि विसरून गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "आता हिच्याजवळ कुणी जायचं न्हाई. साखळीनं बांधा, अन् पारडीला बाजूला घ्या." म्हैस त्यानंतर फार टिकली नाही. जेसीबीनं खोल खड्डा काढून, चुना-मीठ टाकून तिला पुरलं. सासूबाई खड्ड्याच्या कडेला बसून माणसासाठी रडावं तशा रडल्या.

त्यांचं रडणं संपायच्या आत गावाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की ज्यांनी ज्यांनी त्या घरचा खरवस खाल्ला त्यांनी ताबडतोब सुया घ्याव्यात, नाहीतर माणूस कुत्र्यासारखा भुंकत मरतो. मग काय विचारता. ज्या घरांनी गूळ कमी म्हणून नाकं मुरडली होती तीच घरं वाटी चाटूनपुसून खाल्ल्याचं छाती पिटून सांगत होती. ज्यांच्याकडं वाटी गेलीच नव्हती ते म्हणाले, आम्ही त्या दुधाचा चहा प्यायलो. माझ्या दारात बायका गोळा झाल्या. कुणी थेट बोलत नव्हतं, पण आपापल्या लेकराला पोटाशी धरून माझ्याकडं असं बघत होत्या की जणू मीच चावले. मला राग येत होता आणि त्याच वेळी माझी स्वतःची पोरगी मांडीवर घेऊन मी मनात तिनं किती घास खाल्ले ते आठवत होते. दोन वेळा मागून घेतला होता तिनं.

मालकांनी हे सगळं अंगावर घेतलं. आपल्या दावणीचं जनावर, आपल्या घरची वाटी, तेव्हा माणसं दवाखान्यात पोचवायची तीही आपणच. त्यांनी जीप सांगितली. पहिली खेप म्हाताऱ्यांची आणि लेकरांची. मी पोरीला घेऊन त्यात होते. ते आम्हाला तालुक्याच्या दवाखान्यात सोडून लगेच दुसरी खेप आणायला उलटे गेले.

दवाखान्यात जी जत्रा भरली ती काही विचारू नका. शेजारचे आजोबा आत शिरल्या शिरल्या सदरा वर करून पोट उघडं टाकून उभे राहिले, कारण त्यांच्या काळी त्या सुया बेंबीभोवती द्यायचे. नर्सबाईंनी त्यांना दंडावर देतात म्हणून सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. त्यांना वाटलं, आपल्याला हलकी सुई देऊन वाटेला लावतायत. डॉक्टरीणबाई व्हरांड्यात आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. हा आजार लाळेतून येतो. पिसाळलेलं जनावर चावलं, त्यानं ओरबाडलं, किंवा त्याची लाळ उघड्या जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागली तर धोका. तिथून त्याचा विषाणू नसेत शिरतो आणि मुंगीच्या पावलानं मेंदूकडं चढत राहतो. कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला महिने. मेंदूत पोचला की मग जगात औषध नाही. त्या आधीच त्याला गाठायचं असतं, म्हणून सुई. उकळलेल्या दुधातून, उकडलेल्या खरवसातून तो येत नाही. 

"म्हंजे आमाला काय न्हाई व्हायचं?" आजोबांनी विचारलं.

"खरवसानं नाही होणार, बाबा."

"पण सुई द्या," आजोबा म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

डॉक्टरीणबाईंनी मग वादच घातला नाही. मीही पोरीचा दंड पुढं केला. त्या जे बोलल्या ते माझ्या कानावर पडलं होतं, पण कानातून पुढं गेलं नव्हतं. मी फक्त एवढंच ऐकलं की पोरीला काही होणार नाही. दुसरी जीप आली तेव्हा त्या आत गेल्या होत्या. मालक फाटकाशी उभे राहून म्हाताऱ्यांना हाताला धरून आत पाठवत होते, कुणाला पाणी आणून देत होते. लोक फार झाले, लस आणखी मागवावी लागली, तेव्हा त्यांनी आमच्या भावकीला मागं उभं केलं. आमच्यापायी आलेत सगळे, आधी ते, म्हणाले. त्यांना कुणीतरी विचारलं, तुम्ही घेतली का सुई? ते हसून म्हणाले, "मी तर खाल्लाच न्हाई." लोकही हसले. गल्लीत त्या दिवशी सगळ्यात निर्धास्त माणूस तोच होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालक जेवायला बसले. भाकरीवर खर्डा होता. पहिला घास मोडला आणि त्यांनी सुस् करून हात झटकला.

"काय झालं?"

"काय न्हाई. वाढं तोडताना चिरलंय, तिथं खर्डा झोंबला."

मी त्यांचा हात धरून दिव्याखाली नेला. वाढ्याची कड ब्लेडसारखी असते. बोटांच्या पेरांवर, अंगठ्याच्या बेचक्यात, मनगटाला बारीक बारीक चिरा होत्या. काही वाळलेल्या, काही ओल्या. हंगामात सगळ्यांचेच हात तसे असतात, म्हणून कुणी बघत नाही.

"हे कधीचं?"

"हाय की लई दिवसाचं. रोजच चिरतंय."

"म्हशीच्या तोंडात हात घातला तवा होतं का?"

ते घास चावत होते, ते थांबले. मी म्हणाले, अहो, खाण्यानं नाही होत ते, लाळेनं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा तुम्ही जीप घेऊन गेला होतात. ते नुसते हाताकडं बघत राहिले, तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसे.

मग मी त्यांना ओढत अंगणातल्या नळाशी नेलं. कपड्याच्या साबणाची वडी घेतली आणि घासायला लागले. दवाखान्याच्या भिंतीवर पाटी होती, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. पोरीला घेऊन बसल्या बसल्या ती मी किती वेळा वाचली होती. ती चावल्या चावल्या करायची गोष्ट, हे मलाही कळत होतं. इतक्या दिवसांनी धुऊन काय उपयोग, हेही कळत होतं. पण हात थांबत नव्हता. नळाचं पाणी गेलं तेव्हा सासूबाई घागर घेऊन आल्या आणि वरून धार धरून उभ्या राहिल्या. त्यांनी काय चाललंय ते विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. त्यांना कळलं होतं.

"बास की आता, साल निघंल," ते म्हणाले.

"निघू दे," मी म्हणाले.

सकाळी त्यांनी हट्ट धरला. जायचं नाही. कारण काय, तर गाव काय म्हणेल. परवा सगळ्यांना टोचून आणलं आणि आज हाच परत चाललाय म्हटल्यावर गल्लीत पुन्हा आग लागेल, बाया पुन्हा रडत दारात येतील. मला इतका संताप आला की मी हातातली परात आपटली. म्हणाले, तुम्ही मेल्यावर गाव तेराव्याला जेवून जाईल, दुसरं काय करणार आहे. हे बोलले आणि मीच खाली वाकून परात उचलली. ते मुकाट्यानं उठले आणि सदरा घातला. कुणाला सांगायचं नाही एवढी एकच अट त्यांनी घातली. बीडला पाहुण्यांकडं जाऊन येतो, असं सांगून आम्ही निघालो.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हात बघितला, कधी घातला होता ते विचारलं आणि त्यांचा चेहरा कामाला लागल्यासारखा झाला. लस त्यांनी लगेच टोचली. पण नुसत्या लसीनं भागणार नाही, म्हणाल्या. लसीनं अंगात ताकद तयार व्हायला वेळ लागतो, आणि तोवर त्याला जखमेतच अडवणारं दुसरं औषध असतं, ते जिल्ह्याला मिळेल. चिठ्ठी घेऊन आम्ही तशीच बीडची एसटी धरली. एसटीत ते खिडकीशी बसले होते आणि उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता. मी त्या हाताकडं बघत होते. मनगट, मग कोपर, मग दंड, मग खांदा, मग मान. आता कुठवर आला असेल? मुंगीच्या पावलानं, म्हणाल्या होत्या. मुंगी दिवसभरात कुठल्या कुठं जाते.

बीडला ते औषध मिळालं. ते दंडावर देत नाहीत, जखमेतच सुई घालून भरतात, एकेका चिरेत. म्हशीच्या शिंगाला न भिणाऱ्या माणसानं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचकली. त्या पिचकलेल्या काचेनं मलाही कापलं. घाबरून मी तो हात मागं लपवला आणि मग स्वतःचंच हसू आलं. त्यांना काय झालं होतं की माझ्यात यावं? पण त्या दिवसांत माझं डोकं तसंच चालायचं.

पुढच्या सुया त्यांनी एकही चुकवली नाही. दर वेळी नवा बहाणा. एकदा खत, एकदा मोटारीचं सामान, एकदा कुणाची तरी सोयरीक. शेवटची सुई झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता बिनघोर राहा, उपचार पूर्ण झालाय, धोका जवळजवळ उरलेला नाही. ते खूश होऊन बाहेर आले. मी त्या 'जवळजवळ'लाच अडकून बसले.

मी मोबाईलवर बघायला नको होतं, पण बघितलं. एका खाटेवर माणूस बसलाय आणि त्याच्या पुढं कुणीतरी पाण्याचा पेला धरलाय. पेला बघूनच त्याच्या गळ्याच्या शिरा ताठ होतात आणि तो थरथर कापायला लागतो. तहान लागलीय आणि पाणी जात नाही. पंख्याच्या वाऱ्यानंही तसंच होतं. ते बघितल्यापासून मी त्यांच्या पाणी पिण्यावर पहारा ठेवला. ते सकाळी उठले की तांब्या मीच नेऊन द्यायची आणि उगीच काहीतरी आवरत तिथंच थांबायची. गळ्याची घाटी वर-खाली झाली की माझा दिवस सुरू व्हायचा. एखाद्या दिवशी ते म्हणायचे, तहान नाही, ठेव तिथं. मग मी तो तांब्या भरलेलाच सापडू नये म्हणून घिरट्या घालत राहायची.

मला वाटायचं, ही भीती माझी एकटीचीच आहे. एकदा पहाटे गोठ्यात गेले तर ते हौदाशी घराकडं पाठ करून उभे होते. ओंजळीत पाणी घेतलं, तोंडाशी नेलं, प्यायले. पुन्हा घेतलं, पुन्हा प्यायले. मग ओल्या हातानं तोंड पुसून त्यांनी मोठा श्वास सोडला. मी तशीच मागं फिरले. त्यानंतर माझ्या लक्षात आलं की हे बाहेरून आले की आधी पंखा पूर्ण लावतात आणि बरोबर त्याच्या खाली तोंड वर करून बसतात. थंडीतसुद्धा. सासूबाई म्हणायच्या, अरं बंद कर की, गारठा हाय. तर म्हणायचे, "असू दे माय, बरं वाटतंय."

आम्ही याबद्दल एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. पारडी मोठी होत होती. तिलाही सुया झाल्या होत्या. गल्ली सगळं विसरली. जावेनं आमच्या दुसऱ्या म्हशीचं दूध पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा पातळ आहे म्हणायला लागली.

मग थंडी सरता सरता सर्दी-तापाची साथ आली. वर्षाला येते तीच. आधी शाळेतून पोरगी घेऊन आली. घसा बसला, नाक गळायला लागलं, अंग तापलं. तिनं आजीच्या पदराला नाक पुसलं, आजी आडवी झाली. एका घरात खोकला वाजला की पुढच्या घरात वाजायचा. सगळ्यांना तेच सांगितलं जायचं की विषाणूचा ताप आहे, अंगावर काढू नका, गरम पाणी प्या, गुळण्या करा, झोप घ्या, आपोआप उतरतो. आणि उतरतही होता. मी काढा करून सगळ्यांना देत होते. माझंही डोकं ठणकत होतं, पण चिंता नव्हती. हा ओळखीचा आजार होता. 

सगळ्यात शेवटी मालकांना ताप आला. दुपारची वेळ. ते घोंगडी घेऊन भिंतीला टेकून बसले होते, डोळे लाल झालेले. गोळी हातावर ठेवून मी पेला पुढं केला. त्यांनी पेला तोंडाशी नेला, एक घोट घेतला आणि चेहरा वेडावाकडा झाला. घोट कसाबसा उतरला असेल नसेल. त्यांनी पेला बाजूला सारला.

"नको," ते म्हणाले. आवाज फाटका, घोगरा होता. "गिळवत न्हाई."

मी उभी होते तशीच राहिले. दारात सासूबाई आल्या होत्या, त्याही तिथंच थांबल्या. सगळ्या गावाचा घसा बसला होता, माझ्या पोरीचा आवाज परवापर्यंत असाच होता, हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून काही उपयोग झाला नाही. मला तो आवाज ओळखू येत होता. पंखा बंद होता. तो लावावा की न लावावा, एवढाच विचार माझ्या डोक्यात फिरत होता, आणि बटणाकडं हात जात नव्हता.

त्यांनी वर बघितलं. माझ्याकडं, मग आईकडं. काय दिसलं असेल ते दिसलं. त्यांचाही रंग उतरला. क्षणभर ते पेल्याकडं बघत राहिले आणि मला वाटलं, आता यांचा हात कापणार.

"आण इकडं," ते म्हणाले.

मी पेला दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि माझ्या डोळ्यांत बघत प्यायला सुरुवात केली. एकेक घोट. प्रत्येक घोटाला डोळे बारीक व्हायचे, मान आखडायची, पण त्यांनी पेला खाली घेतला नाही. गळ्याची घाटी वर-खाली होत होती. डोळ्यांतून पाणी गालावर आलं तरी ते पीत राहिले. तळाचं संपवून त्यांनी पेला उपडा करून दाखवला, लेकरू दूध संपवून दाखवतं तसा.

"दुखतंय नुसतं," ते म्हणाले. "दुसरं काय न्हाई."

सासूबाई दारातच खाली बसल्या. मी पेला घेतला, माठापाशी गेले आणि पुन्हा भरला. त्यांना दुखत होतं, ते मला दिसत होतं. तरी मी तो त्यांच्यापुढं धरला, आणि ते तोही प्यायले.